डोंगराच्या पाठीमागे

ज्येष्ठ संपत आला की भांडगावात वारा सुरू होतो. पश्चिमेकडून येणारा हा वारा दिवसरात्र थांबत नाही. वाळत घातलेली धुणी, रस्त्याकडेच्या टपरीवरचा कागद, बांधावरच्या सुबाभळीच्या फांद्या, सगळे एकाच दिशेला झुकलेले असते. आभाळ भरलेले असते. काळे, जड ढग सकाळपासून डोक्यावरून पूर्वेकडे धावत असतात आणि खाली पडते ती जेमतेम भुरभुर. त्याच सुमारास तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम हलवते आणि आमच्या गावावरून चौफुला, वरवंडकडे जाते. वारकऱ्यांच्या खांद्यावर प्लास्टिकचे कागद असतात, पण बहुतेक वर्षी ते घडीच उलगडत नाहीत. त्याच दिवशी इथून शंभरेक किलोमीटरवर, ताम्हिणीच्या घाटात, हातभर पुढचे दिसत नाही एवढा पाऊस कोसळत असतो.

लहानपणी मला याचा राग यायचा. ढग आमच्यावरून जातात आणि थांबत नाहीत, हा मला आमच्या गावावरचा अन्याय वाटे. शाळेत पुढे 'पर्जन्यछाया' हा शब्द पाठ केला, परीक्षेत लिहिला, गुण मिळवले. पण त्या शब्दाचा अर्थ मला कळला तो प्रवास करू लागल्यावर, तोही दोन-तीनदा चुकीच्या ऋतूत चुकीच्या जागी जाऊन पोचल्यावर. हे पुस्तक त्या चुकांतून आणि त्यांच्या दुरुस्तीतून तयार झाले आहे.

आधी आकडे सांगतो, कारण सगळे त्यांच्यावर उभे आहे. पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पुणे शहरात सातशेच्या आसपास. आमच्या दौंड तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर. म्हणजे मोटारीने तीन तासांच्या अंतरात पाऊस दहा-बारा पटीने घटतो. महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्यात तर वीस किलोमीटरही नाहीत, आणि तेवढ्यात तो एक तृतीयांशावर येतो. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला धडकते, वर चढते, गार होते आणि डोंगराच्या पश्चिम अंगावर रिती होते. माथा ओलांडून ती आमच्याकडे उतरते तेव्हा पुन्हा तापते आणि तिच्यातले उरलेसुरले ढगही विरू लागतात. आमचा माळ सह्याद्रीच्या पाठीमागे आहे, म्हणून तो माळ आहे.

डोंगर पाहायला कधी जावे आणि वाळवंट पाहायला कधी जावे, असे दोन वेगळे प्रश्न लोक मला विचारतात. या पुस्तकाचे सारे म्हणणे एवढेच आहे की हा पुष्कळ वेळा एकच प्रश्न असतो. डोंगराला अंग असते आणि पाठ असते. अंगावर पाऊस झोडपत असतो तेव्हा पाठ उघडी असते. महिना ठरवण्याआधी आपण डोंगराच्या कोणत्या बाजूला जाणार आहोत, हे ठरवले पाहिजे.

ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या रानात दरवर्षी मेंढरे बसायची. पीक निघाले की वडील धनगराच्या वाड्याला सांगावा धाडत. मग चार-पाच बिऱ्हाडे यायची, घोड्यांवरून भांडी, कोंबड्या आणि लहान पोरे उतरायची, वाघर लावली जायची आणि रात्रभर दोनतीनशे मेंढरे त्या जाळीत बसून रान खतवायची. बदल्यात धान्य, कधी पैसे. दिवाळी झाली की हे वाडे पश्चिमेकडे सरकू लागत. फलटण, बारामती, दौंड, खंडाळा या कोरड्या पट्ट्यातले हटकर धनगर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत: दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचे, भाताची कापणी झालेल्या खाचरांत मेंढरे बसवायची आणि मृगाच्या आधी घाट चढून परत यायचे. पावसाळ्याचे चार महिने ते आमच्याकडे, सावलीच्या मुलखात असतात. दख्खनी मेंढीला घाटातला पाऊस सोसत नाही. खूर सडतात, अंगावरची लोकर भिजून राहते, कोकरे गारठून मरतात. आमच्याकडे मात्र नेमके त्याच महिन्यांत भुरभुरीवर माळ हिरवा होतो, कोवळे गवत येते, आणि वाऱ्याने जमीन लगेच सुकते.

अशाच एका वाड्यातल्या म्हाताऱ्या मेंढक्याला मी एकदा विचारले होते, "आबा, निघायचा दिस कसा ठरवता?" तो म्हणाला, "वारं फिरलं की." पावसाळ्यात पश्चिमेचा असलेला वारा दसऱ्यानंतर पूर्वेकडून वाहू लागतो, पहाटे अंगाला गार लागतो. त्याच्याकडे ना पंचांग होते ना हवामानाचा अंदाज. तरी त्याचे वेळापत्रक दोन्हींपेक्षा जुने होते. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने पुण्यात राहून धनगरांच्या ओव्या, त्यांचे देव आणि त्यांच्या वाटा यांचा अभ्यास केला. खंडोबा, बिरोबा यांची ठाणी जिथे आहेत तो मुलूख नकाशावर पाहिला तर तोही बराचसा याच पावसाच्या सावलीत पडतो.

आता इथून दीड हजार किलोमीटर उत्तरेला चला. हिमाचलात चंबा-कांगड्याचे गद्दी मेंढपाळ हिवाळ्यात पायथ्याच्या टेकड्यांत असतात. उन्हाळा चढला की ते धौलाधारच्या खिंडी ओलांडून वर सरकतात आणि ऐन पावसाळ्यात त्यांचे कळप लाहौलात पोचलेले असतात. लाहौल पीर पंजालच्या पाठीमागे आहे. धौलाधारच्या अंगावर धर्मशाळेत धो धो पाऊस चालू असतो तेव्हा लाहौलात बटाट्याची आणि वाटाण्याची शेते उन्हात असतात. भांडगावच्या मेंढक्याला आणि चंब्याच्या गद्द्याला एकमेकांची भाषा येत नाही, पण दोघांनी पावसाळ्याचा प्रश्न एकाच रीतीने सोडवला आहे: पाऊस लागला की डोंगराच्या पाठीमागे जायचे.

मला हे उघड्या डोळ्यांनी दिसले ते रोहतांगखालच्या अटल बोगद्यात. हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. लांबी नऊ किलोमीटरहून थोडी अधिक. मी श्रावणात गेलो होतो. मनालीत तीन दिवस पाऊस लागून राहिला होता, बियास गढूळ आणि फुगलेली, रस्त्यावर दरड उचलणारी यंत्रे. दक्षिणेच्या तोंडातून आत शिरलो तेव्हा गाडीच्या काचेवर पाणी वाहत होते. दहा-बारा मिनिटांनी उत्तरेच्या तोंडातून बाहेर आलो आणि चालकाने काच पुसायची दांडी बंद केली. समोर निळे आभाळ होते. उघडे, तपकिरी डोंगर, खाली चंद्रेच्या काठाने हिरव्या शेतांची चिंचोळी पट्टी. मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. ताम्हिणी उतरून, पुणे ओलांडून, उरुळी कांचनच्या पुढे आल्यावर आभाळ असेच मोकळे होते.

लडाख ही या सावलीची पराकाष्ठा आहे. लेहला वर्षभरात सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडते; दौंडच्या पावसाचा पाचवा हिस्सा. नुब्रा खोऱ्यात हुंदरला वाळूच्या टेकड्या आहेत, त्यांवर दोन मदारींचे उंट चालतात आणि मागे बर्फाची शिखरे उभी असतात. डोंगर आणि वाळवंट एकाच चौकटीत पाहायचे असेल तर देशात यासारखी दुसरी जागा नाही. आणि तिचा ऋतू म्हणजे नेमका आपला पावसाळा: जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. ३,५२८ मीटर उंचीचा झोजिला आणि मनाली-लेह वाटेवरच्या खिंडी या काळात उघड्या असतात. महाराष्ट्रात प्रवासाला वाईट मानलेले महिने तिकडे सर्वांत चांगले असतात. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तेव्हा विमानाने थेट उतरलात तर पहिले दोन दिवस निमूटपणे झोपून काढायचे. ऋतू कितीही चांगला निवडला तरी रक्ताला विरळ हवेची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. आणि सावली म्हणजे अभय नव्हे. ६ ऑगस्ट २०१० रोजी लेहवर ढगफुटी झाली आणि मातीच्या विटांची घरे चिखलासकट वाहून गेली. जिथे पाऊस पडत नाही तिथली घरे, नाले, उतार काहीच पावसासाठी केलेले नसते. थोडा पाऊसही तिथे फार होतो. हे आम्हा दौंडकरांना सांगावे लागत नाही. परतीचा एक जोरदार पाऊस आमच्या ओढ्यांना कसा पूर आणतो ते आम्ही पाहिले आहे.

डोंगराच्या अंगाकडच्या हिमालयाचा हिशेब वेगळा. तिथला ऋतू देवानेच ठरवून दिला आहे असे म्हणायला हरकत नाही. गंगोत्री-यमुनोत्रीची दारे अक्षय्य तृतीयेला उघडतात, केदारनाथची भाऊबीजेला मिटतात, आणि केदारनाथाची उत्सवमूर्ती हिवाळ्यात उखीमठला खाली येते. सहा महिने वर, सहा महिने खाली. देवही मेंढपाळाच्याच वेळापत्रकाने चालतो. पण या सहा महिन्यांच्या मधोमध पावसाळा आहे, आणि जुने यात्रेकरू मोसमी पाऊस पोचण्याआधी किंवा तो सरल्यावर जात. जून २०१३ मध्ये काय झाले? त्या वर्षी मोसमी पावसाने १६ जूनपर्यंत सारा देश व्यापला. हवामान खात्याच्या तेव्हाच्या तक्त्याप्रमाणे त्याला १५ जुलै उजाडायला हवी होती. ऐन सुट्टीच्या गर्दीत, १६ आणि १७ जूनला, केदारखोऱ्यावर आभाळ फाटले. यात्रेकरूंनी बेजबाबदार ऋतू निवडला होता असे म्हणता येत नाही. त्यांनी नेहमीचाच ऋतू निवडला होता. ऋतूच महिनाभर आधी आला. म्हणून या पुस्तकात हिमालयाच्या दक्षिण उतारासाठी मी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ पहिला ठेवला आहे आणि मे दुसरा. फुलांच्या घाटीसारखी जागा याला अपवाद. तिथला बहरच जुलै-ऑगस्टचा आहे, आणि तो पाहायचा तर दरडींचा धोका पत्करून, हाताशी चार दिवस जादा ठेवून जायचे.

थरच्या वाळवंटाला मात्र पाठीमागचा नियम सरळ लावता येत नाही. अरवलीची रांग मोसमी वाऱ्याला आडवी उभी नाही, त्याच्या दिशेनेच पसरली आहे. तिला अडवायला वारा सापडत नाही. शिवाय पाऊस तिथे पोचतो सगळ्यांच्या शेवटी आणि निघतो सगळ्यांच्या आधी. जैसलमेरला तो जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि सप्टेंबरच्या मध्यात परतीला लागतो. म्हणजे थरचा ऋतू ठरवताना पावसापेक्षा उन्हाचा हिशेब करावा लागतो.

तो मी केला नव्हता. मुलांची मे महिन्याची सुट्टी, आईची जैसलमेरचा किल्ला पाहण्याची जुनी इच्छा, आणि एका प्रवास कंपनीने दाखवलेली सवलत. एवढ्यावर आम्ही वैशाखात निघालो. पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊला किल्ल्याचा पिवळा दगड हाताला चटका देऊ लागला. अकरा ते सहा आम्ही खोलीत बसून होतो. आईने किल्ला पाहिला तो दोन पहाटे मिळून तास-दीड तास. परत येताना ती काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागले. तिकडे फलोदीला १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता, हे मला त्या वेळी ठाऊक असते तरी मी बहुधा गेलोच असतो. सुट्टीपुढे दुसरे काही सुचत नाही.

त्याच फलोदीशेजारी खिचन नावाचे गाव आहे. दरवर्षी सप्टेंबरात तिथे हजारोंनी कुरजां येतात. हे करकोचे मध्य आशिया आणि मंगोलियाच्या गवताळ मुलखातून निघून हिमालय ओलांडून येतात, गावकरी त्यांना चुगा म्हणजे दाणे घालतात, आणि मार्च संपता संपता ते उडून जातात. मी दुसऱ्यांदा थरमध्ये गेलो तो पौषात, या पक्ष्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे. दिवसा ऊन हवेहवेसे वाटत होते. रात्री मात्र पारा शून्याकडे सरकला. वाळूत पाणी नाही, आभाळात ढग नाही, दिवसाची ऊब धरून ठेवणारे तिथे काहीच नसते. इतर प्रवासी हॉटेलच्या गाद्या अंगावर ओढत होते. मी घरून नेलेली दख्खनी मेंढीची घोंगडी पांघरून स्वस्थ झोपलो. तेव्हा आई माझ्यासोबत नव्हती.

कच्छच्या रणाचे गणित याहून सोपे आहे. पावसाळ्यात मोठे रण पाण्याखाली असते. ते पाणी आटून मीठ वर यायला कार्तिक उजाडतो. त्याआधी गेलात तर चिखल दिसेल. डिसेंबर ते फेब्रुवारीतली पौर्णिमा साधा.

सुट्टीचा विषय निघालाच आहे तर इथे थोडा थांबतो, कारण मराठी घराचा प्रवास ऋतूने ठरत नाही, शाळेने ठरतो. मे आणि दिवाळी. यातली दिवाळीची सुट्टी हे आपले भाग्य आहे आणि आपण ते नातेवाइकांकडे फराळाला जाण्यात घालवतो. कार्तिकात सह्याद्री धुऊन स्वच्छ झालेला असतो, टाक्यांत पाणी असते, गवत अजून सोनेरी असते. थर, रण, हंपी, दक्षिणेचे पठार, सगळे उघडे असते. फक्त लडाख तेव्हा मिटत आलेले असते. मे महिन्यात याच्या नेमके उलट. सह्याद्रीतले गड कोरडे, टाकी आटलेली, कातळ तापलेला, उतारांवर वणव्याचे काळे पट्टे, वाळवंट अशक्य, लडाखच्या खिंडी अजून बर्फातून मोकळ्या होत असतात. मे महिन्याला योग्य असा एकच पट्टा उरतो: हिमालयाचा दक्षिण उतार, मधल्या उंचीवरचा. एव्हरेस्टवर चढणाऱ्यांचाही ऋतू तोच. माथ्यावरचा जोरकस उंच वारा मोसमी पावसाच्या आधी उत्तरेकडे सरकतो आणि मेच्या उत्तरार्धात चढाईला जेमतेम काही दिवस मोकळे मिळतात. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे आठ गिर्यारोहक मे २०१२ मध्ये शिखरावर पोचले ते याच फटीतून.

आपल्या पूर्वजांना सुट्ट्या नव्हत्या, पण ऋतू ठाऊक होता. दसऱ्याला सीमोल्लंघन आणि मृगाआधी घरी परत, हा मराठी फौजांचा हंगाम होता. धनगराचे वेळापत्रक तेच आणि स्वाराचेही तेच, कारण दोघांनाही जनावरांना चारा लागतो आणि नद्यांना उतार लागतो. हा हंगाम मोडला की काय होते, त्याचे एक उदाहरण प्रत्येक मराठी माणसाला तोंडपाठ आहे. फक्त आपण त्याकडे ऋतूच्या बाजूने पाहत नाही. भाऊसाहेब मार्च १७६० मध्ये पटदूरहून निघाले. सारा उन्हाळा चालण्यात गेला, पुढे पावसाने वाट धरली, नद्या फुगल्या. दिल्ली हाती आली ती ऑगस्टच्या सुरुवातीला, आणि समोर यमुना दुथडी. पलीकडच्या अंतर्वेदीतला शत्रू दिसत असूनही गाठता येईना. पाणी उतरल्यावर ऑक्टोबरअखेरीस अब्दालीनेच बागपतजवळ नदी ओलांडली, आणि मग उत्तरेचा हिवाळा उघड्यावर काढावा लागला. १४ जानेवारी १७६१चा पराभव एकट्या ऋतूमुळे झाला असे मी म्हणत नाही. त्याला मुत्सद्देगिरीची, रसदेची, बाजारबुणग्यांची अनेक कारणे आहेत. पण एवढे मोठे लष्कर आपल्या हंगामाबाहेर, आपल्या मुलखाबाहेर दहा महिने चालत-थांबत राहिले, हे कारण त्या यादीत पहिल्या काहींत यायला हवे.

आता आपल्या सह्याद्रीविषयी, आणि इथे मला स्पष्ट बोलायचे आहे. गेल्या काही वर्षांत पावसाळा हाच सह्याद्रीत फिरण्याचा ऋतू, असे पक्के मानले जाऊ लागले आहे. शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या, ताम्हिणीच्या रस्त्यावर मैलभर गाड्या उभ्या असतात. धबधबे सुंदर आहेत, धुके सुंदर आहे. मीही त्यासाठी वेडा होऊन हिंडलो आहे. पण ३० जुलै २०१४च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी गेली. या दोन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत, जेव्हा माती महिनाभर पाणी पिऊन जड झालेली असते. ज्या उतारावर राहणारा माणूस त्या काळात रात्री धड झोपत नाही, त्या उतारावर आपण सहलीला जातो. आपली गाडी अडकली की त्या गावाला जाणारी रुग्णवाहिकाही अडकते. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत घाटमाथ्याच्या तीव्र उताराखालच्या वाड्या-वस्त्यांत हौसेने जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे आणि पुस्तकात ते जागोजागी येईल.

मग पावसाळ्यात घरी बसायचे का? मुळीच नाही. सह्याद्रीच्या पाठीमागे या. यवतजवळच्या डोंगरावरचे भुलेश्वर श्रावणात पाहा. यादवकाळातले कोरीव दगडी मंदिर, भोवती हिरवी कुरणे, अंगावर वारा, आणि पायाखाली घसरडे शेवाळ नाही. चौफुल्यावरून मोरगावच्या रस्त्याला लागलात की सुपे येते. तिथले मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे, १९९७ मध्ये जाहीर झालेले. त्यात चिंकारा आहेत. हाच चिंकारा जैसलमेरच्या वाळवंटात राहतो. पाण्यावाचून दिवसचे दिवस काढतो, पाल्यातले आणि दवातले पाणी त्याला पुरते. कोरड्या मुलखाचा हा प्राणी भांडगावपासून तासाभराच्या आत भेटतो, ही गोष्ट मी कितीही वेळा सांगितली तरी मला शिळी वाटत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात गवत हिरवे असते. दिवाळीनंतर ते पिकते, मग कुसळे कपड्यांना चिकटतात, पण आखूड गवतात चिंकारा चांगले दिसतात. मार्चनंतर तिथे जाऊन पाणवठ्याशी गर्दी करू नका.

आणि थंडी पडली की भिगवणला जा. उजनीच्या फुगवट्याच्या पाण्यावर रोहित येतात हे सर्वांना माहीत आहे. त्यांच्या गर्दीत करड्या अंगाचे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस शोधा: पट्टकदंब. ते तिबेट, लडाख, मंगोलियाच्या तळ्यांवर अंडी घालतात आणि हिमालयावरून, प्रसंगी सहा हजार मीटरच्या वरून, उडत येतात. लडाखचा उन्हाळा आणि भीमेकाठचा हिवाळा, एवढाच त्यांचा वर्षाचा बेत. ऋतू निवडण्यात त्यांच्याइतका वाकबगार प्रवासी मी दुसरा पाहिलेला नाही.

शेवटी या पुस्तकातल्या तारखांविषयी. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला जुने पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. या खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या येण्याजाण्याच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. वायव्य राजस्थानातून पाऊस परतू लागण्याची तारीख पूर्वी १ सप्टेंबर होती, ती आता १७ सप्टेंबर धरतात. देशभर पाऊस पोचण्याची तारीख १५ जुलैवरून ८ जुलैवर आली. म्हणजे पाऊस तिकडे आठवडाभर लवकर पोचतो आणि दोन आठवडे उशिरा निघतो. जुन्या प्रवासवर्णनांत 'सप्टेंबरात राजस्थान कोरडे' असे वाचून कोणी निघाला तर तो आज चुकेल. आमच्याकडेही हस्ताचा पाऊस चित्रा-स्वातीपर्यंत रेंगाळतो, आणि धनगरांचे वाडे काही वर्षी दिवाळीनंतरही भिजत बसतात.

त्यामुळे पुढच्या पानांतला प्रत्येक महिना हा अंदाज म्हणून वाचावा. निघण्याआधी ज्या गावी जायचे तिथल्या कोणाला तरी फोन करा: मुक्कामाच्या घरमालकाला, गाडीवाल्याला, जमल्यास मेंढपाळाला. 'पाऊस आहे का' एवढेच विचारू नका. 'वारा कुठला आहे' हेही विचारा. आणि माझी एखादी नोंद तुमच्या अनुभवाशी जुळली नाही तर वार, तारीख आणि ठिकाण लिहून मला जरूर कळवा. पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त करीन.

भांडगाव, ता. दौंड
विजयादशमी